दर पावसाळ्यात शेडचा तोच कोपरा उडतो आणि विम्याचा क्लेम टाकला तर तोही कापतात, आमच्या घरी हे कसं सुटलं

मंडळी, आमचं घर हर्णैच्या बाजूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. चिऱ्याच्या भिंती, पुढच्या भागाला मंगलोरी कौलं, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि स्लॅबवर पत्र्याची शेड. कोकणात हल्ली दर दुसऱ्या घराची हीच अवस्था आहे, स्लॅब गळतो म्हणून शेड, आणि वानरं कौलं ठेवत नाहीत म्हणून उरलेल्यावर पण पत्रा. तर प्रॉब्लेम असा की दर एक-दोन वर्षांनी शेडचा नैऋत्येकडचा कोपरा उडतो. बाकी शेड ठाम उभी, तेवढेच तीन-चार पत्रे जातात. तीन जून २०२० ला निसर्ग वादळात गेले, ते ठीक आहे, तेव्हा दापोली-मंडणगडात कोणाचं काय राहिलं होतं, ताशी शंभराच्या वर वारा होता, आमच्या वाडीतले निम्मे माड आडवे. पण पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, ते तर समुद्रातून लांबून वर गुजरातकडे गेलं, तरी तोच कोपरा. मग घराची विमा पॉलिसी काढली. आणि दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये कुठलंच नाववालं वादळ नसताना एका रात्रीच्या वाऱ्यात परत तोच कोपरा गेला. क्लेम टाकला ८६ हजारांचा, मंजूर झाले ३१ हजार. कारण काय दिलं, तर बरंचसं नुकसान जुनी झीज आणि गळतीमुळे आहे.

मला तेव्हा जाम राग आला होता. आता सगळं निस्तरून झाल्यावर वाटतं की विमा कंपनीने नुकसान बघायला पाठवलेला सर्व्हेअर निम्मा बरोबर होता आणि निम्मी चूक आमची होती, आणि ती चूक जूनमधली नव्हती, एप्रिलमधली होती. ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतोय, जरा लांब होईल.

तोच कोपरा का?

आधी मलाही वाटायचं की वारा पत्र्याला ढकलतो. तसं नाहीये. वारा कडेवर आपटून वर उचलला जातो आणि कडेच्या मागे पत्र्याच्या वरच्या बाजूला ओढ तयार होते, म्हंजे छत दाबलं जात नाही, वर खेचलं जातं. ही ओढ सगळ्यात जास्त असते कोपऱ्यांवर, कडांवर आणि आढ्याजवळ, मधल्या भागात कमी. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून नैऋत्येचा कोपरा. त्यात गच्चीवरची शेड चारी बाजूंनी उघडी, मग वारा खालून पण घुसतो आणि पत्र्याला वर लोटतो. वरून ओढ, खालून धक्का, अशी दुहेरी मारामारी, आणि तिथे आमच्या फॅब्रिकेटरने स्क्रू किती मारलेले, तर मधल्या भागात जेवढे तेवढेच. आईने त्याला विचारलंच, "अरे, कडेला जास्त नको का रे मारायला?" तर तो म्हणाला, "काकी, सगळीकडे सारखंच मारतो आम्ही." तिथेच सगळी गोम आहे.

मग गेल्या वर्षी दुसऱ्या एका जाणत्या माणसाला बोलावलं, तो बंदरावर बर्फाच्या फॅक्टरीच्या शेड करतो, त्याने वर चढून दहा मिनिटांत चार गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे स्क्रूच्या खालचा रबरी वॉशर, उन्हाने कडक होऊन त्याला चिरा पडलेल्या, नखाने दाबला तर तुकडा निघाला. वॉशर गेला की खारं पाणी भोकात, स्क्रूचं डोकं गंजतं, भोक मोठं होतं, पत्रा फडफडायला लागतो आणि फडफडून फडफडून भोक अजून मोठं, शेवटी एका रात्री पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटून जातो, स्क्रू खालच्या आडव्या पाइपलाच राहतो. आमच्या उडालेल्या पत्र्यांचे स्क्रू तसेच पाइपवर उभे होते, कोणी नीट बघितलंच नव्हतं. दुसरं, शेवटच्या पाइपच्या बाहेर पत्रा जवळजवळ दोन फूट लोंबत होता, पाऊस आत येऊ नये म्हणून मीच हट्टाने सांगितलेलं, तर ते वाऱ्याला पकडायला मूठ दिल्यासारखंच झालं. फूटभराच्या वर नको म्हणाला. तिसरं, पत्र्यावर पत्रा चढतो तो जोड वाऱ्याकडे तोंड करून होता, तो वाऱ्याकडे पाठ करून पाहिजे, नाहीतर वारा जोडात बोट घालून उघडतो. आणि चौथं, खांबाच्या तळाचं वेल्डिंग. वेल्डिंगच्या जागी कलर जळतो, तिथे रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, मारला नाही तर समुद्राकाठी दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आमचा एक खांब तर हाताने हलवला तरी हलत होता, आणि आम्ही त्याच्यावर दर वेळी नवे पत्रे चढवत होतो.

केलं काय, तर कडेपासून आतल्या तीन-चार फुटांच्या पट्ट्यात पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मध्ये पूर्वीसारखे एक सोडून एक. कोपऱ्यातल्या दोन्ही खांबांना नव्या प्लेटा आणि एक तिरका आधार. लोंबणारा भाग कापला आणि पावसासाठी त्या बाजूला हिरवं नेट लावलं, ते फाटलं तर फाटू दे, चारशे रुपयांचं आहे.

कौलांचं वेगळं. कौलाला वजन असतं म्हणून लोकांना वाटतं ते उडत नाही, पण वळचणीच्या खालच्या दोन-तीन ओळी आणि कडेची कौलं उडतात, आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट फुटला की ती सुटतात. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला खाली एक बोंड असतं, त्याला तार ओवायला भोक असतं, ते कशाला असतं हे मला पंचेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. खालच्या ओळी रिपेला, म्हणजे कौल ज्या लाकडी पट्टीवर टेकतं तिला, तारेने बांधायच्या, तार तांब्याची घ्या, साधी बांधकामाची काळी तार आपल्या हवेत दोन वर्षं पण टिकत नाही. आणि रिपा बघा. कौल चांगलं आणि खालची रीप वाळवीने पोकळ, असं खूप घरांत असतं.

बघायचं कधी आणि कसं

आपल्याकडे शाकारणी होतीच ना. मे महिन्यात घर शाकारायचं, कौलं परतायची, फुटकी बदलायची, वासे ठोकून बघायचे. हीच छताची तपासणी आहे, फक्त आजोबांनी कधी तिचा फोटो काढला नाही, आणि पत्रा आल्यावर आपण ती बंद केली कारण पत्र्याला काय होतंय. दुसरी गोष्ट म्हणजे शाकारणी मे अखेरीला करून आता भागत नाही, तौक्ते मेच्या मध्यालाच आलेलं, निम्म्या लोकांची कौलं तेव्हा खाली उतरवलेली असणार. एप्रिल संपायच्या आत उरका. आणि परत एकदा दसऱ्याच्या आसपास, कारण अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा येतात. फयान नोव्हेंबरात आलं होतं, २००९ ला, मासेमारीला गेलेली माणसं अडकलेली, जुन्या लोकांना आठवत असेल.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर कृपा करून चालू नका. खालून ठणठणीत दिसतो आणि पायाखाली बिस्किटासारखा मोडतो. फळी टाकून, पाइपाच्या रेषेवरूनच. नाहीतर चढूच नका, लग्नाची शूटिंग करणारी पोरं ड्रोन घेऊन गावोगाव फिरतायत, आमच्याकडे एकाने शेजारच्या चार घरांचं मिळून पंधरा मिनिटांत शूट करून दिलं, चहावर.

फोटो काढताना आधी लांबून चारी बाजू, मग प्रत्येक कोपरा जवळून, मग स्क्रू-वॉशर, मग आतून वासे आणि छताची खालची बाजू. कोरड्या दिवसातली आतली छताची बाजू फार महत्त्वाची, डाग नसलेली, कारण नंतर सर्व्हेअर नेमका डागाकडेच बोट दाखवतो. फोटो व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपला टाकून मोकळे होऊ नका, व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. मूळ फोटो फोनमध्ये ठेवा आणि स्वतःलाच ईमेल करून टाका, ईमेलची तारीख कोणी नाकारू शकत नाही. सोबत फॅब्रिकेटरचं बिल. बिल म्हणजे वहीच्या कागदावर "पत्रा काम १८०००" असं नको, कुठल्या घराचं, कुठला कोपरा, किती पत्रे, किती स्क्रू, तारीख, सही.

हे बिल का पाहिजे तर ऐका. वारंवार होणाऱ्या नुकसानीत विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो की मागच्या वेळी दुरुस्त केलं होतं का. केलं असेल तर हे नवीन नुकसान. केल्याचा पुरावा नसेल तर जुनंच चालू आहे असं धरतात. आमच्याकडे काहीच नव्हतं.

क्लेम नक्की कुठे कापला गेला

विमा हा घटनेचा असतो, झिजेचा नसतो. वादळ, पूर, वीज, दरड, आग, झाड पडणं या घटना. गंज, वाळवी, पाझर या घटना नाहीत, ते म्हातारपण आहे. आमच्या एजंटने फॉर्म भरताना नुकसानीच्या कारणात लिहिलं "छताची गळती". माणूस चांगला आहे, घाईत लिहिलं, आणि मी वाचलं नाही. त्या एका शब्दावर अख्खा क्लेम फिरला. खरं तर झालं काय होतं, आधी वाऱ्याने पत्रे उडाले, मग उघड्या भागातून पाऊस आला, स्लॅबवर पाणी साठून जिन्यातून आत शिरलं आणि कपाट, गाद्या, इन्व्हर्टर भिजलं. सुरुवात वाऱ्याने झाली, तर पुढचं नुकसान वाऱ्याच्या खात्यात. पण "गळती" लिहिलं की सुरुवातच बदलते. तेव्हा फॉर्मवर घटना क्रमाने लिहा, किती वाजता वारा, काय उडालं, नंतर पाणी कुठून आलं.

दुसरी कात्री शेडवर. पॉलिसीत घर लिहिलेलं "चिऱ्याच्या भिंती, कौलारू व स्लॅब", शेडचा उल्लेखच नाही कारण पॉलिसी काढताना कोणी घर बघायलाच आलं नव्हतं. पडवी, शेड, कंपाऊंड, पाण्याची टाकी, सोलर, जे जे उडू शकतं ते पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कशाकशाचा विमा आहे त्या यादीत, नावाने लिहून घ्या. झावळ्यांचा किंवा ताडपत्रीचा मांडव असेल तर तो कच्च्या बांधकामात मोडतो, त्याचं काही मिळेल ही आशा नको.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांना द्यावीच लागते, तुमची जुनी फायर पॉलिसी अजून चालू असेल तर बदलून घ्या. जुन्यात एक मोठी गोची असायची. समजा घर परत बांधायला २० लाख लागतात आणि तुम्ही १० लाखांचाच विमा काढलाय, तर १ लाखाच्या नुकसानीला ५० हजारच, कारण तुम्ही निम्म्याचाच विमा काढला होता. गृह रक्षामध्ये ही कात्री काढलीय. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरतात. वादळ आहेच, शेजाऱ्याचा माड तुमच्या छतावर पडला तर ते पण आहे, आणि मोडकंतोडकं उचलून नेण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. रक्कम ठरवताना जमिनीचा भाव धरू नका, चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, बस. चिरा वाहून आणायला आता काय लागतं ते बांधणाऱ्यालाच विचारा.

अजून एक, घरावर कर्ज असेल आणि पॉलिसी बँकेने काढून दिली असेल तर ती आधी शोधून वाचा. बऱ्याच लोकांना आपल्या घराचा विमा आहे हेच माहीत नसतं, हप्ता मात्र कापला जात असतो.

उडाल्यावर पहिले दोन दिवस

आपण काय करतो, तर उजाडल्या उजाडल्या पत्रे गोळा करतो आणि वर चढतो. थांबा. आधी पाच मिनिटं व्हिडिओ, पत्रा कुठे जाऊन पडलाय तो तिथेच असताना, पाइपवरचे उभे स्क्रू, आत शिरलेलं पाणी, शेजाऱ्याची मोडलेली झाडं पण. शेजारची झाडं फार कामाची, कारण एकट्या तुमचंच छत उडालं तर छत खराब होतं म्हणतील, अख्ख्या वाडीत पडझड असेल तर वारा होता. मग कंपनीला फोन आणि त्याच दिवशी ईमेल, क्लेम नंबर घ्या. मग ताडपत्री बांधा, ती बांधायला कोणाची परवानगी लागत नाही, उलट नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारीच आहे. पण पक्की दुरुस्ती सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत नको, आणि मोडके पत्रे भंगारवाल्याला देऊ नका. आमच्या आईने दिले. "अडचण नको गो ती अंगणात," म्हणून सातशे रुपयांना, आणि सर्व्हेअरने विचारलं पत्रे कुठायत.

विमा नियामकाच्या (IRDAI) २०२४ च्या नियमांनी क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत. प्रत्यक्षात वादळानंतर रस्तेच बंद असतात ते मान्य, पण ईमेलमध्ये या मुदतींचा उल्लेख केला की हालचाल होते, हा स्वानुभव.

सर्व्हेअर येतो तेव्हा घरात माहितगार माणूस पाहिजे. मी डोंबिवलीला, घरी आई एकटी, त्याने विचारलं "याआधी कधी गळायचं का", आई म्हणाली, "पावसात कुठलं घर गळत नाय?" खरं बोलली बिचारी, पण ते रिपोर्टात गेलं.

तलाठ्याचा पंचनामा हा सरकारी मदतीसाठी असतो, विम्यासाठी नाही, या दोन्हीची गल्लत करू नका. सरकारी मदत म्हणजे निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख केलेले, अंशतः पडझडीला १५ हजार. पंचनामा झाला म्हणजे विमा मिळणार असं नाही, झाला नाही म्हणजे मिळणार नाही असंही नाही. पण प्रत मिळाली तर जोडा, त्यावर तारीख आणि "वादळी वाऱ्याने" हे शब्द सरकारी शिक्क्यासकट असतात. वाऱ्याचा पुरावा मागितला तर हवामान खात्याची नोंद चालते, आपल्या किनाऱ्यावर अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ला इथे वेधशाळा आहेत, त्यातली जवळची बघा. आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर ठेवा, जिल्ह्याचं पान.

तरीही कापलं तर

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, लेखी. मी मागितली आणि तेव्हा कळलं "गळती" कुठून आली ती. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, घटनेचा क्रम, शेजारच्या तीन घरांचे फोटो, पाइपवरच्या उभ्या स्क्रूचा एक फोटो जो नशिबाने भाच्याने मजा म्हणून काढला होता. रागाने लिहिलेला पहिला ईमेल पाठवला नाही हे बरं झालं. शेडचे पैसे शेवटपर्यंत दिले नाहीत, ते बरोबरच होतं, पण आतल्या सामानाचे दिले, ३१ चे ५८ हजार झाले. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नाही म्हणाले तर विमा लोकपाल, मुंबई आणि पुण्याला ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जायचं. त्याच्या आधी बिमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर पण टाकता येतं.

आता नवीन काम झाल्यापासून एक पावसाळा गेला, कोपरा जागेवर आहे. यंदा एप्रिलचे फोटो काढले, शेड पॉलिसीत चढवली, हप्ता थोडा वाढला.

एकच लोंबकळतंय. घरपट्टीच्या उताऱ्यावर, नमुना ८ वर, अजून आजोबांचंच नाव आहे, आणि ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. माझ्या वेळी चाललं कारण वारस म्हणून आईचा कागद होता आणि रक्कम लहान होती, पण उद्या अख्खं घर गेलं तर चेक कोणाच्या नावाने, हा प्रश्न येणारच, सामायिक घर असलेल्या प्रत्येकाला येणार. तिन्ही काकांना फोन केले. सगळे म्हणाले, गणपतीला येतोय ना, तेव्हा बसू. हे ते गेली सहा गणपती म्हणतायत.